वेधशाळा आणि वर्गखोली

१९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. जन्मगावाला त्यांचा अभिमान वाटावा हे स्वाभाविकच आहे. परंतु त्यांच्या कार्याचा जो भाग जिल्ह्याच्या गावच्या महाविद्यालयांना सर्वांत जवळचा, त्याची चर्चा क्वचितच होते. तो भाग म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ साली पुण्यात स्थापन केलेली 'आयुका' ही आंतरविद्यापीठीय संस्था. २००३ पर्यंत नारळीकर तिचे संचालक होते.

पुण्याने त्यापूर्वी एक वेधशाळा गमावलेली होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून व सरकारी साहाय्यातून १८८८ मध्ये तेथील सायन्स कॉलेजात ती उभी राहिली. तिची २० इंची दुर्बीण त्या काळी देशातील सर्वांत मोठी होती. प्रा. कावसजी नायगमवाला यांनी तेथे काम केले. १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी जेऊरला घेतले. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद झाली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. यंत्र उत्तम होते, माणूसही तोलामोलाचा होता. परंतु एकाच्या खांद्यावर उभे असलेले काम त्याच्याबरोबरच थांबले.

'आयुके'ची रचना नेमकी याच्या उलट आहे. ग्रंथालय, संगणक आणि दुर्बीण यांचा खर्च एकेका विद्यापीठास पेलणारा नाही. तो एकदाच करावा व सर्वांनी वापरावा, हा त्यामागील साधा अर्थविचार. कोणत्याही विद्यापीठातील वा महाविद्यालयातील अध्यापकाला तेथे सहयोगी म्हणून काही वर्षे जाऊन-येऊन काम करता येते. प्रवासाचा व राहण्याचा खर्च संस्था सोसते. नोकरी मात्र त्याने आपल्याच गावी करावयाची, आणि विद्यार्थीही तेथेच घडवावयाचे. पुण्याजवळच्या गिरवलीची २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून याच व्यवस्थेचा भाग आहे.

ताऱ्यांचा व परग्रहांचा अभ्यास तर अशा विखुरलेल्या समूहाला विशेष मानवणारा. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून सरकला, तर ताऱ्याचे तेज सुमारे एक टक्क्याने घटते. एवढा फरक लहान दुर्बिणीतूनही टिपता येतो. मात्र त्याला रात्रीमागून रात्री चिकाटी लागते. २०१५ साली सोडलेल्या 'ॲस्ट्रोसॅट' उपग्रहाची जुनी निरीक्षणेही अभ्यासकांना खुली आहेत. कोल्हापूरच्या पावसाळ्यात आकाश दिसत नाही हे खरे. परंतु आकडेमोडीला ढगांची अडचण कधीच नसते.

अडचण आहे ती महाविद्यालयांत. पुण्याचे दार उघडे असून अध्यापकाला तेथवर जाऊ देणारी व्यवस्था आपल्याकडे नाही. महाराष्ट्रात कित्येक अध्यापक तासिका तत्त्वावर शिकवतात. तास बुडाला की त्या तासाचे मानधन बुडते. अशा माणसाने पंधरा दिवस दुर्बिणीपाशी घालवावेत कसे? ज्याची नोकरी पक्की आहे त्यालाही रजेसाठी संस्थेची मनधरणी करावी लागते, आणि त्याच्या वर्गांचा भार उचलण्यास दुसरा कोणी नसतो. राष्ट्रीय संशोधकवर्ग उभारण्याच्या घोषणा दिल्लीत होतात. त्याचा खरा खर्च असा वेळापत्रकातील चार तासांचा असतो. तो खर्च शासनाने उचलावयास हवा. रिक्त पदे भरणे आणि संशोधनासाठी गेलेल्या अध्यापकाच्या जागी बदली नेमण्यास वेगळे अनुदान देणे, या दोन गोष्टी नव्या दुर्बिणीच्या मानाने फारच स्वस्त आहेत.