चोचीच्या मापाने उत्क्रांती

उत्क्रांती एकट्या जीवात घडत नाही. ती जीवांच्या समूहात, पिढ्यांमधून घडते. एकाच जातीच्या जीवांत फरक असतात. ते आनुवंशिक असले आणि त्यांच्यामुळे तगण्याच्या व प्रजननाच्या संधी कमीजास्त झाल्या, की नैसर्गिक निवड सुरू होते.

गालापागोस द्वीपसमूहातील डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर पीटर व रोझमेरी ग्रँट या दाम्पत्याने १९७३पासून फिंच पक्ष्यांची मोजमापे घेतली. १९७७च्या अवर्षणात बारीक, मऊ बिया संपत गेल्या. उरल्या त्या मोठ्या आणि टणक. त्या फोडू शकणारे जाड चोचीचे पक्षी अधिक प्रमाणात तगले आणि पुढच्या पिढीच्या चोचीही सरासरीने जाड निघाल्या. १९८२-८३च्या एल निन्योमुळे धुवांधार पाऊस झाला, बारीक बियांचा सुकाळ आला आणि त्यानंतर लहान चोची सरस ठरल्या.

म्हणजे निवडीला कायमचे ध्येय नसते. परिस्थितीनुसार तिचा कल बदलतो. मात्र दोन समूह दीर्घकाळ विलग राहिले, तर असे बदल साचत जातात. अखेर त्यांच्यात संकर होईनासा झाला, की एका जातीच्या दोन जाती होतात.