स्मरणयंत्रे कोणासाठी?

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी बोलकी घड्याळे, औषधाच्या वेळी वाजणाऱ्या डब्या, ठावठिकाणा कळविणारे मनगटी पट्टे अशी नाना इलेक्ट्रॉनिक साधने हल्ली निघाली आहेत व त्यांचे कौतुकही पुष्कळ चालले आहे. त्यात आम्हांस सामील होता येत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की, साठी उलटलेल्या भारतीयांत शेकडा ७.४, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे या विकाराने ग्रस्त आहेत. आणि हे प्रमाण शहरांहून खेड्यांत, पुरुषांहून स्त्रियांत अधिक आहे. साधने मात्र बहुधा इंग्रजी वाचणाऱ्या शहरी गृहस्थास समोर ठेवून रचलेली! शिवाय त्यांची नवी रीत शिकावी लागते. या विकारात तर नवे शिकलेले आधी निसटते व जुन्या सवयी मागाहून. हे म्हणजे पांगळ्यास माडीवर जाऊन कुबडी घेऊन ये म्हणण्यासारखेच झाले.

साधन कोणासाठी हे आधी ठरवून मग ते रचावे, हा धडा वर्धेकरांस तरी नवा नसावा. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले, तेव्हा अटी अशा होत्या: तो खेड्यातील झोपडीत चालावा, बाईमाणसास फार न थकता आठ तास चालविता यावा, किंमत दीडशे रुपयांवर नसावी आणि तो वीस वर्षे टिकावा. बक्षीस कोणासच मिळाले नाही, ही गोष्ट वेगळी; पण परीक्षा कोणाच्या ओसरीवर व्हावयाची, याविषयी संशय नव्हता. मगनवाडीच्या गावी तरी हीच कसोटी स्मरणयंत्रास लावावयास नको काय?

साधेपणाने काम भागत नाही, असेही नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील एका इंजिनियराने, मेंदूस इजा झालेल्या आपल्या मुलासाठी, एका मानसशास्त्रज्ञाच्या साहाय्याने पेजरची योजना केली. वेळ झाली की तो वाजे व काम सांगे. दाबावयास एकच मोठे बटण. इंग्लंडात १४३ रुग्णांवर त्याची परीक्षा झाली, तिचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. शेकडा ८० हून अधिक रुग्णांची नित्यकर्मे पूर्वीपेक्षा अधिक नेमाने होऊ लागली. ते रुग्ण मुख्यतः मेंदूस इजा झालेले होते व वाचू शकत होते, हे खरे. सेलू किंवा आष्टी तालुक्यातील निरक्षर आजीस अक्षरांऐवजी लेकीचा आवाज हवा: "माय, गोळी घेतली का वं?" आणि तो सकाळच्या सडा-सारवणाच्या वेळी यावा, कारण ती वेळ तिच्या अंगवळणी पडलेली आहे.

ठावठिकाणा कळविणाऱ्या पट्ट्याविषयी आमचे मत अधिक कडू आहे. म्हातारी वाट चुकली तर त्याचा उपयोग होतो, हे कोण नाकारील? परंतु तिला न विचारता तो बांधला, तर ते साधन तिचे नव्हे, पुण्यास बसलेल्या चिरंजीवांच्या मनःशांतीचे होय. विसरणाऱ्यासही पसंती-नापसंती असते.

"घरची माणसे असता यंत्र कशास?" असे आमचे कांही गांधीभक्त स्नेही विचारतात. घरची माणसे कापूस वेचावयास गेली आहेत, हे त्यांचे उत्तर. आणि स्वतः गांधीजी कमरेस घड्याळ लटकावीत असत, हे सेवाग्रामच्या यात्रेकरूंनी विसरू नये.