पागेचे दर्शन आणि पागेचे अंतरंग

इंग्लंडमधील जुन्या जहागिरींवरील हवेल्या पाहावयास जाणारा प्रवासी मुख्य प्रासादापुढे बराच वेळ उभा राहतो. पागेत मात्र तो शिरतो तो बहुधा चहाच्या शोधात. यात त्याचा दोष नाही, कारण अनेक ठिकाणी पागेचेच उपाहारगृह झालेले आहे. इमारत टिकविण्यासाठी असे करणे भाग पडले, हेही खरे. प्रश्न एवढाच की, या व्यवहारात नेमके टिकले काय?

डर्बीशायरमधील चॅट्सवर्थची पागा घ्या. चौथे ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्यासाठी जेम्स पेन या वास्तुविशारदाने ती १७६० च्या सुमारास बांधली. मधोमध चौक, भोवती दुमजली इमारत, प्रवेशद्वारी डोरिक स्तंभ, वर घराण्याचे भव्य मानचिन्ह, त्याच्या दोन्ही अंगांना खरी शिंगे बसविलेली हरणांची शिल्पे आणि माथ्यावर घड्याळाचा मनोरा, असा तिचा थाट आहे. यॉर्कशायरमधील वेंटवर्थ वुडहाउसची पागाही अशीच. जॉन कार याने १७६६ पासून ती उभारली. तीत ८४ घोड्यांची सोय होती. ती बांधविणारे मार्क्विस ऑफ रॉकिंगहॅम ग्रेट ब्रिटनचे दोनदा पंतप्रधान झाले. आपल्या 'व्हिसलजॅकेट' या घोड्याचे पूर्णाकृती चित्र त्यांनी जॉर्ज स्टब्ज याच्याकडून काढवून घेतले होते. १९९७ पासून ते लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या मालकीचे आहे. घोडा ही त्या काळी सत्तेची आणि प्रतिष्ठेची खूण होती. तिला शोभेल असेच तिचे घर असावे, हे ओघानेच आले.

परंतु पागेचे स्थापत्य म्हणजे केवळ कमानी आणि मनोरे नव्हेत. कोंदट हवा साचू नये म्हणून ठेवलेले उंच छत, ओल वाहून जावी म्हणून फरसबंदीला दिलेला उतार, ठाणांमधील आडभिंती, गव्हाणी, कातडी साज बुरसू नये म्हणून साजाच्या खोलीत ठेवलेली शेगडी, ही त्या स्थापत्याची खरी बुद्धी होय. चॅट्सवर्थला ८० घोड्यांची ठाणी होती, लोहाराची भट्टी होती, वरच्या मजल्यावर धान्याची कोठारे आणि नोकरांच्या खोल्या होत्या. तेथील अखेरचे घोडे १९३९ साली गेले. पुढे पागेचे कोठार झाले, मोटारखाना झाला. मोतद्दारांच्या खोल्यांतून जहागिरीच्या निवृत्त नोकरांना घरे मिळाली. आणि आता तेथे उपाहारगृह व दुकाने आहेत.

वापर नसलेली वास्तू फार काळ उभी राहत नाही, असे म्हणणाऱ्यांशी आमचा वाद नाही. विसाव्या शतकात इंग्लंडमधील शेकडो हवेल्या जमीनदोस्त झाल्या. १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला या विनाशाचे प्रदर्शनच भरवावे लागले. त्या मानाने चहाची टेबले केव्हाही बरी. तथापि नव्या वापराला मोकळी जागा हवी असते आणि म्हणून पहिली कुऱ्हाड पडते ती ठाणांच्या आडभिंतींवर. दर्शनी बाजू शाबूत राहते, आतली पागा नाहीशी होते. वास्तविक तेथील कायद्याने संरक्षित इमारतीचे अंतरंगही संरक्षितच असते. उणीव कायद्याची नाही, दृष्टीची आहे. धन्याने लोकांना दाखविण्यासाठी उभारले तेवढेच मोलाचे, आणि चाकरांनी वापरून झिजविले ते अडगळीचे, हा जुना भेद संरक्षणाच्या कामातही नकळत पाळला जातो.

म्हणून रूपांतराला परवानगी देताना निदान ठाणांची एक रांग, साजाची खोली आणि वर जाणारा नोकरांचा जिना जसाच्या तसा राखण्याची अट असावी. हे अशक्य नाही. डेव्हनमधील आर्लिंग्टन कोर्ट येथे नॅशनल ट्रस्टने घोडागाड्यांचा संग्रह पागेतच मांडून, नवा वापर जुन्या कामाशी जोडता येतो हे दाखवून दिले आहे.

चॅट्सवर्थच्या पागेतील एका खोलीच्या दारावर 'तिसरा पोस्टिलियन' ही अक्षरे राहिली असल्याचे तेथील डचेस डेबोरा यांनी नमूद केले होते. पोस्टिलियन म्हणजे गाडीला जुंपलेल्या घोड्यावर बसून ती हाकणारा नोकर. दारावर त्याचे नाव नाही, नुसता हुद्दा आहे. प्रवेशद्वारावरच्या हरणांना जितक्या काळजीने जपले जाते, तितक्याच काळजीने ते दारही जपले गेले, तरच पागा वाचली असे म्हणता येईल.