डोंगरीचं कापड, जपानची जीन्स!

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये संध्याकाळी एक चक्कर मारली, की दोन तऱ्हेचे कपडे हमखास नजरेला पडतात. एक म्हणजे खाण्याच्या गाड्यांभोवती घोळका करून उभ्या असलेल्या पोरापोरींच्या जीन्स. गुडघ्यावर फाटलेल्या, मांडीवर विटलेल्या. दुसरे, पोलाद कारखान्यातली पाळी संपवून घरी जाताना भाजी घ्यायला थांबलेल्या माणसाचे ड्यूटीचे कपडे. तेही विटलेले, तेही कुठे कुठे उसवलेले. फरक इतकाच, की पोरांची जीन्स पैसे मोजून विटवून घेतलेली असते. बापाची पँट कामानं विटलेली असते.

आता या दोघांच्या मध्ये एक तिसरा गडी उभा राहिलाय. त्याला फाटकी जीन्स नको, विटवलेलीही नको. त्याला हवी असते गर्द निळी, न धुतलेली, पुठ्ठ्यासारखी ताठ जीन्स. १८९० साली अमेरिकेतला खाणकामगार किंवा १९४७ साली तिथला गुराखी जशी घालायचा, तशीच्या तशी! तेच कापड, तीच शिवण, तसंच तांब्याचं रिव्हेट. याला म्हणतात ‘रिप्रॉडक्शन डेनिम’. जगभर याचे शौकीन आहेत आणि चांगल्या जपानी जोडीसाठी पंधरा-वीस हजार रुपये सहज मोजतात. भारतातही हा नाद पसरतोय.

पँट ती पँट, तिच्यात एवढं काय?

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या रेनो गावच्या जेकब डेव्हिस या शिंप्यापासून. मजुरांच्या पँटीचे खिसे सारखे फाटत. डेव्हिसनं खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकले. पेटंटसाठी पैसे नव्हते, म्हणून त्यानं सॅनफ्रान्सिस्कोचे कापडव्यापारी लिव्हाय स्ट्रॉस यांना भागीदार केलं. २० मे १८७३ रोजी पेटंट मिळालं आणि जीन्स जन्माला आली. फॅशन म्हणून नव्हे, मजुराचा खिसा फाटू नये म्हणून!

कापडाची गंमत त्याहून मोठी. डेनिममध्ये उभा ताणा निळीत बुडवलेला असतो, आडवा बाणा पांढरा. नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत मुरत नाही, वरवरच बसते. त्यामुळे जिथं घासलं जातं तिथं आतला पांढरा रंग उघडा पडतो. कुणी खिशात पाकीट ठेवतो, कुणी गुडघ्यावर बसून काम करतो. वर्ष-दोन वर्षांत ज्याच्या त्याच्या सवयी त्याच्या पँटीवर उमटतात. पूर्वी हे कापड धोट्याच्या मागावर विणलं जाई. धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊन परत फिरतो, म्हणून कापडाला दोन्ही बाजूंनी पक्का काठ येतो. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या माणसाला हे समजावून सांगायला नको! पुढे दुप्पट पन्ह्याचं कापड भराभर विणणारे माग आले आणि १९८०च्या दशकात अमेरिकन जीन्समधून हा काठ जवळजवळ नाहीसा झाला. शौकीन आज पँटीची मोहरी दुमडून जी बारीक लाल रेघ मिरवतो, ती या काठाचीच.

अमेरिकेनं टाकलेलं जपाननं उचललं. ओकायामा प्रांतातलं कोजिमा हे गाव शाळेच्या गणवेशांसाठी प्रसिद्ध. १९६०च्या दशकात तिथं जीन्स शिवायला सुरुवात झाली. पुढे ओसाकाच्या मंडळींनी ध्यास घेतला, की जुन्या अमेरिकन जीन्ससारखीच जीन्स करायची. १९७९मध्ये ‘स्टुडिओ द आर्टिझाँ’, मग १९९०च्या दशकात ‘एव्हिसू’, ‘फुलकाउंट’, ‘वेअरहाउस’. या लोकांनी जुन्या पँटी मिळवल्या, टाका न् टाका तपासला, सूत किती पिळाचं हे पाहिलं, जुने माग पुन्हा चालू केले.

त्यांचा काटेकोरपणा कुठवर जावा? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारनं धातू आणि दोरा वाचवायचा हुकूम काढला. तेव्हा लिव्हाइसच्या पँटीवरचे काही रिव्हेट गेले आणि मागच्या खिशावरची कमानदार शिवण दोऱ्याऐवजी रंगानं काढण्यात आली. धुतली की ती पुसून जायची. आज युद्धकाळातल्या जीन्सची प्रतिकृती करणारा कारागीर ती नक्षी मुद्दाम रंगानंच काढतो. म्हणजे टंचाईचीसुद्धा हुबेहूब नक्कल!

नकलेच्या बाबतीत आपण कुणाला हार जाणारे नव्हतोच. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद मुंबईत एकेकाळी पोराटोरांच्याही तोंडी होता. पण उल्हासनगरची ती जीन्स आणि कोजिमाची ही जीन्स यांत फरक आहे. एक खोटं लेबल लावून म्हणते, ‘मी अमेरिकेची.’ दुसरी आपलं नाव लावून सांगते, ‘मी जपानची, पण १९४७च्या त्या पँटीला गुरू मानून शिवलेली.’ पहिलीत फसवणूक आहे, दुसरीत अभ्यास.

आता या शौकात आपला, मराठी माणसाचा काय संबंध? संबंध अगदी नावापासून आहे! कामगाराच्या जाड्याभरड्या निळ्या पँटीला इंग्रजीत ‘डंगरी’ म्हणतात. हा शब्द गेला आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून, असं मानलं जातं. डोंगरीच्या किल्ल्याजवळच्या बाजारात जाडंभरडं सुती कापड विकलं जाई. सतराव्या शतकापासून युरोपियन व्यापाऱ्यांच्या लिखाणात त्याचा उल्लेख येतो. स्वस्त आणि टिकाऊ म्हणून खलाशांनी ते उचललं. त्याची शिडं झाली, पँटी झाल्या. डेनिमची तिरकी वीण वेगळी, तिचं घराणं फ्रान्सच्या नीम गावाचं. पण कष्टकऱ्याचं जाडं सुती कापड म्हणून जगानं जे नाव उचललं, ते आपल्या डोंगरीचं!

कापडही आपल्याला परकं नाही. १९८०च्या दशकात अहमदाबादच्या अरविंद मिलनं डेनिम विणायला घेतलं. १९९५मध्ये तिनंच ‘रफ अँड टफ’ आणली. कापड, चेन, रिव्हेट, लेबल असा सगळा संच दोनशे रुपयांच्या आत. शिवून घ्यायची गावातल्या टेलरकडून! ऐन कापसाच्या मुलखात, यवतमाळला, रेमंडचा डेनिमचा कारखाना उभा राहिला. हातमागावरच्या खादी डेनिमचं तर २०२१मध्ये पॅटागोनिया या अमेरिकन कंपनीनं गुजरातमधून सुमारे ३० हजार मीटर कापड घेतलं.

पण या कहाणीला एक काळी बाजूही आहे. नवी पँट जुनी दिसावी म्हणून कारखान्यात तिच्यावर वाळूचा फवारा मारला जाई. ती बारीक धूळ कामगारांच्या फुप्फुसांत गेली. तुर्कस्तानात कित्येक तरुण पोरांना सिलिकोसिस झाला, काही दगावले. २००९मध्ये तिथल्या सरकारनं या पद्धतीवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी लिव्हाइस आणि एच अँड एम यांनी आपल्या मालापुरती ती बंद केली. उल्हासनगरात जीन्स धुणाऱ्या कारखान्यांच्या रंगीत पाण्यानं वालधुनी नदीची काय दशा झाली, हे तिथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे पाहा, मजुराचा खिसा फाटू नये म्हणून जे वस्त्र जन्मलं, त्याला मजुराच्या घामाचा खोटा रंग चढवताना खऱ्या मजुराचा श्वास गेला! न धुतलेली जीन्स आणून ती आपल्या अंगावर जुनी करणाऱ्याचा शौक महाग असेल, चक्रमही वाटेल. पण त्याच्या पँटीचा रंग तरी त्याच्याच वापरानं उतरतो.

आता सिविक सेंटरच्या त्या भाजी घेणाऱ्या माणसाकडे पुन्हा वळू या. भिलाईचा कारखाना १९५५च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. इथले रूळ देशभर पसरले. नागपूर-विदर्भाकडून आलेली किती तरी मराठी कुटुंबं या सेक्टरांमध्ये रुजली. भट्टीपाशी काम करणाऱ्याला कापडाची किंमत कळते. ठिणगी पडली तर सुती कापडाला भोक पडतं, टेरिलीन मात्र वितळून कातडीला चिकटतं. गावात टेरिलीनची चलती होती, तेव्हाही भट्टीपाशी शहाणपण सुती कापडातच होतं.

समजा, उद्या एखाद्या हौशी पोरानं ठरवलं, की १९५९च्या भिलाईच्या कामगाराचा शर्ट हुबेहूब शिवायचा. किंवा जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमधल्या विणकराची बंडी, गिरणगावातल्या जॉबरचा सदरा. नमुना आणायचा कुठून? फोटो मिळेल, पण फोटोतून सुताचा पीळ मोजता येत नाही. आपल्याकडे बापाचा जुना शर्ट आधी घरात घालायला, मग गोधडीला, शेवटी पोतेऱ्याला. ही काटकसर आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण त्या काटकसरीत आपल्या कष्टाचा पुरावाही पुसला जातो.

खुद्द लिव्हाइसवरही ही वेळ आली होती. १९०६च्या सॅनफ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत कंपनीचं सगळं जुनं दप्तर जळालं. मग २००१मध्ये तिनं नेवाडातल्या खाणकामाच्या गावात सापडलेली १८८०च्या सुमाराची आपलीच एक पँट लिलावात ४६,५३२ डॉलर मोजून परत घेतली! २०२२मध्ये न्यू मेक्सिकोत तशीच एक जुनी जीन्स ७६ हजार डॉलरला गेली. तिच्या खिशाच्या आत छापलं होतं, की ही पँट फक्त गोऱ्या मजुरांनी बनवलेली आहे. चिनी मजुरांविरुद्ध अमेरिकेत रान उठलं होतं, त्या काळची ती जाहिरात. पुस्तकात झाकता येईल असं लाजिरवाणं सत्य खिशाच्या अस्तरानं सव्वाशे वर्षांवर सांभाळून ठेवलं. कापड असं बोलतं. पण ते शिल्लक राहिलं तरच!

तेव्हा घरात कुणी कारखान्यातून, रेल्वेतून, गिरणीतून निवृत्त झालं असेल, तर त्यांच्या ड्यूटीचा एक तरी जोड बाजूला काढा. कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवा. सोबत एका चिठ्ठीवर नाव, खातं आणि नोकरीची वर्षं लिहा. घरातली बाई म्हणेल, ‘ठेवायचा तर ठेवा, पण आधी त्यावरचे ते तेलाचे डाग तरी काढू द्या.’

तेवढं मात्र करू देऊ नका. सगळी किंमत त्या डागांचीच आहे!