खेळ खेळणारा आणि खेळ सांगणारा

माणसाला एखादी गोष्ट मनापासून आवडली, की ती दुसऱ्याला सांगितल्यावाचून त्याला चैन पडत नाही. रानातून पहिली कैरी पाडून आणणारा मुलगा ती मुकाट्याने खाऊन मोकळा होत नाही. ती कोणत्या झाडाची, किती उंच फांदीवरची आणि तिला किती दगड लागले, हे ऐकणारा कोणीतरी त्याला हवा असतो. ऐकणारा भेटला नाही, तर कैरीची निम्मी गोडी कमी होते.

जळगावच्या जवळ असोदा नावाचे गाव आहे. तेथील वांग्याचे भरीत खानदेशात नावाजलेले आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे ते जन्मगाव आहे. असोदा असो, धरणगाव असो की शिरपूर, आजकाल अशा गावांतूनही मोबाईलवरील खेळांचा नाद असलेली मुले दिसतात. त्यांतील काही केवळ खेळून थांबत नाहीत. आज आपण कोणता टप्पा ओलांडला, कोठे हरलो, कोणता नवा खेळ आला, हे बोलून त्याची चित्रफीत तयार करतात आणि ती जगापुढे ठेवतात. घरातील वडीलधाऱ्यांना हे मुळीच रुचत नाही. ‘खेळतो तो खेळतो, आणि वर भिंतीकडे तोंड करून एकटाच बडबडतो!’ अशी तक्रार पुष्कळ घरांतून ऐकू येते. या तक्रारीत तथ्य किती आणि नुसता त्रागा किती, हे एकदा शांतपणे पाहिले पाहिजे.

पडद्यावरील खेळाचा आरंभच मुळी दुसऱ्याला दाखविण्याच्या इच्छेतून झाला आहे. विल्यम हिगिनबॉथम हे अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेत काम करणारे पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ होते. प्रयोगशाळा पाहण्यास लोक येत. परंतु मूक यंत्रे पाहून ते कंटाळून जात. तेव्हा १९५८ साली हिगिनबॉथम यांनी विद्युत्-लहरी दाखविणाऱ्या उपकरणाच्या लहानशा पडद्यावर टेनिसचा एक खेळ मांडला. प्रकाशाचा एक ठिपका जाळ्यावरून इकडून तिकडे जाई आणि पाहुणे तो टोलविण्यासाठी रांगा लावून उभे राहत. त्या खेळाचे हक्क त्यांनी कधी स्वतःच्या नावे घेतले नाहीत. पाहुण्यांना गंमत वाटावी, एवढाच त्यांचा हेतू होता.

तेव्हा सांगण्याची आणि दाखविण्याची हौस हा काही दोष नव्हे. प्रश्न निराळाच आहे. सांगणारा सांगतो काय?

या बाबतीत टेट्रिस या खेळाची हकिगत फार बोलकी आहे. वरून पडणारे निरनिराळ्या आकारांचे ठोकळे नीट रचून ओळी पूर्ण करावयाच्या, असा हा साधा खेळ. मॉस्को येथील अलेक्सेई पाजित्नोव यांनी तो रचला. त्याची १९८९ साली निघालेली एक आवृत्ती अमेरिकेत घरोघर पोहोचली. त्या आवृत्तीत एकोणतिसाव्या पायरीवर ठोकळे इतक्या वेगाने पडू लागत, की बटण दाबून धरले तरी ते वेळेवर कडेला नेता येत नसत. येथे खेळ संपला, असेच सर्वजण मानीत. कित्येक वर्षे तसेच चालले. पुढे काही खेळाडूंनी बटण दाबून न धरता बोट अतिशय जलद थरथरविण्याची रीत साधली. २०१८ साली जोसेफ सेली या सोळा वर्षांच्या मुलाने त्याच रीतीने सात वेळा विजेता ठरलेल्या जोनास न्यूबाउअर यांना अंतिम सामन्यात हरविले. त्यानंतर आणखी एक युक्ती निघाली. तबला वाजविताना बोटे एकामागून एक पडावीत, तशी ती खेळाच्या यंत्राच्या पाठीवर पाडावयाची, म्हणजे पुढच्या बाजूचे बटण अंगठ्याखाली आपोआप दाबले जाते. ज्यांना या युक्त्या साधल्या, त्यांनी त्या मुठीत झाकून ठेवल्या नाहीत. हात कसा धरावा, बोटे कशी पाडावीत, आपले कोठे चुकले, हे त्यांनी चित्रफितींतून इतरांना दाखविले. ओक्लाहोमा राज्यातील विलिस गिब्सन या मुलाने अशा चित्रफिती पाहून अकराव्या वर्षी हा खेळ हाती घेतला. २१ डिसेंबर २०२३ रोजी, वयाच्या तेराव्या वर्षी, तो १५७ व्या पायरीवर पोहोचला, आणि तेथे खेळच गोठून थांबला. चौतीस वर्षांत मानवी बोटांनी तेथवर कोणी गेले नव्हते.

त्या मुलाची बोटे चपळ होती, यात शंका नाही. पण ती बोटे घडविणारी माणसे कितीतरी होती, आणि त्यांतील बहुतेकांना त्याने कधी समक्ष पाहिलेही नसेल. आपला छंद दुसऱ्यास सांगण्याचे सार्थक होते ते असे. एकाने एक पायरी दाखविली, दुसऱ्याने तिच्यावर उभे राहून पुढची पायरी शोधली.

आता याच्या उलट प्रकार पाहावा. पुष्कळशा चित्रफितींत खेळ नावाला असतो. सांगणारा ओरडतो, मोठ्याने हसतो, विनाकारण टेबलावर हात आपटतो, हरला की अपशब्द बोलतो. पाहणाऱ्याची दहा मिनिटे जातात आणि त्याच्या पदरी काही पडत नाही. असे का होते? मुलगा मुळात उथळ असतो म्हणून नव्हे. प्रत्येक चित्रफितीखाली एक आकडा असतो. किती जणांनी पाहिले, किती जणांना आवडले, हे तो आकडा क्षणोक्षणी सांगतो. समजावून सांगितलेली चाल चाळीस जण पाहतात, आणि आरडाओरडा चारशे जण पाहतात, असे एकदा दिसले, की मुलगा नकळत आरडाओरड्याकडे वळतो. पहिल्या दिवशी त्याला खेळ आवडत होता. सहा महिन्यांनी त्याला आकडा आवडू लागतो, आणि ज्या खेळासाठी त्याने हा सारा खटाटोप आरंभिला, तो खेळ त्याला ओझे वाटू लागतो. वडीलधाऱ्यांना खरी काळजी याची वाटावयास हवी. मुलगा एकटाच बोलतो, याची नव्हे. पाठांतर करणारा मुलगादेखील एकटाच बोलत असतो!

नाशिकचे विदित गुजराथी २०१३ साली बुद्धिबळातील ग्रँडमास्टर झाले. २०२० साली साथीच्या रोगामुळे सारी स्पर्धास्थळे बंद पडली, तेव्हा त्यांनी घरी बसून पडद्यावर बुद्धिबळ खेळण्यास आणि खेळता खेळता लोकांशी बोलण्यास आरंभ केला. कधी ते नवशिक्यांबरोबर खेळत, कधी विनोदी कलावंतांबरोबर. हास्यविनोद भरपूर चाले. त्यात गंभीरपणाचा आव नव्हता. परंतु पटावरची चाल चुकली तर ती चुकली असेच सांगितले जाई. बुद्धिबळाच्या वाटेला कधी न गेलेली कितीतरी मुले त्या दिवसांत पटाशी येऊन बसली. पुढे २०२४ साली बुडापेस्ट येथील ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात विदित होते. पडद्यावरच्या गप्पांनी त्यांचा खेळ बिघडला नाही. कारण गप्पांच्या आधी खेळ होता.

आकड्याच्या मोहाने आणखी एक गोष्ट बिघडते, आणि तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. ती म्हणजे भाषा. खानदेशातील मुलगा घरी आईशी अहिराणीत किंवा लेवा गणबोलीत बोलतो, शाळेत मराठीत बोलतो. परंतु चित्रफीत करावयास बसला, की दिल्लीकडच्या एखाद्या प्रसिद्ध खेळाडूच्या हिंदीची नक्कल करू लागतो. तेच शब्द, तेच हेल, तीच आरोळी. हिंदी ही सुंदर आणि उपयोगी भाषा आहे. तिच्यात बोलणे वाईट नाही. पण उसना आवाज अंगरख्यासारखा ढगळ दिसतो. हजारो मुले एकाच आवाजात बोलू लागली, तर त्यांतील एकाचे तरी बोलणे कोणी का लक्षात ठेवावे?

खानदेशाच्या शेजारीच, नाशिक जिल्ह्यात, मालेगाव हे यंत्रमागांचे शहर आहे. तेथील नासिर शेख यांना आणि त्यांच्या मित्रांना चित्रपटांचे वेड होते. जवळ पैसा नव्हता, यंत्रसामग्री नव्हती. तरीही २००० साली त्यांनी ‘मालेगाव के शोले’ हा विनोदी चित्रपट स्वतः तयार केला. मूळ चित्रपटातील दरोडेखोर घोड्यांवरून येतात, मालेगावचे दरोडेखोर सायकलींवरून आले. यंत्रमागावर राबणारी माणसे नट झाली आणि बोलणे मालेगावच्या गल्लीतले राहिले. मुंबईची हुबेहूब नक्कल त्यांना साधणे शक्यच नव्हते. म्हणून ते काम त्यांचे स्वतःचे झाले. फैझा अहमद खान यांनी २००८ साली या मंडळींवर एक माहितीपट केला आणि तो देशोदेशी दाखविला गेला. २०२५ साली त्यांच्या कथेवर रीमा कागती यांचा मोठा चित्रपटही प्रदर्शित झाला. ज्या मुंबईची नक्कल करण्यास ते निघाले होते, तिनेच अखेर त्यांची गोष्ट सांगितली.

असोद्याच्या बहिणाबाईंचे उदाहरण तर याहून फार वरचे आहे. त्यांच्या काव्याची आणि मोबाईलवरील खेळाची बरोबरी कोणी करू म्हटले, तर ते हास्यास्पद ठरेल. येथे तसा विचार नाही. पण बोलीच्या बाबतीत त्यांच्याकडे पाहण्यासारखे आहे. १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. जात्यावर दळताना, शेतात राबताना त्यांना गाणी सुचत, आणि ती घरात, शेतात ज्या बोलीत बोलणे चाले त्याच लेवा गणबोलीत असत. समोर श्रोत्यांची गर्दी नव्हती. ही गाणी शहरातल्या शिकलेल्या लोकांना आवडतील काय, याचा विचार त्यांच्या मनास शिवला नसेल. मुलगा सोपानदेव आणि घरातील इतर मंडळी कानावर पडेल ते कागदावर उतरवून ठेवीत. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या. सोपानदेवांनी ती हस्तलिखित गाणी आचार्य अत्रे यांना दाखविली, आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. जे टिपले गेले तेवढे उरले. टिपणारे हात घरात नसते, तर आज काय उरले असते?

व्यवहाराच्या दोन गोष्टी थोडक्यात सांगावयास हव्यात. चित्रफीत जगापुढे ठेवताना घराचा पत्ता, शाळेचे नाव, दूरध्वनीचा क्रमांक त्यात दिसू देऊ नये, आणि आईवडिलांना ठाऊक नसलेले खाते तर मुळीच उघडू नये. पैसे लावून खेळावयाच्या खेळांपासून दूरच राहावे. २०२५ साली संसदेने संमत केलेल्या कायद्याने अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. त्याच कायद्याने ई-क्रीडेस मात्र मान्यता दिली आहे, हे तक्रार करणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे. डोळ्यांची आणि झोपेची काळजी सर्वांना ठाऊकच आहे.

आणि खेळ काय केवळ मोबाईलमध्येच असतात? महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी विटीदांडूची मोजणी एक, दोन, तीन अशी होत नसे. वकट, लेंड, मूंड, नाल अशी होत असे. हे शब्द तेलुगू अंकांशी जुळतात. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु असे तिकडे म्हणतात. दूरच्या भाषेतील अंक मराठी पोरांच्या खेळात येऊन राहिले, ही काय लहान नवलाची गोष्ट आहे? विटीच्या टोल्यांना गावोगाव निरनिराळी नावे होती, आणि प्रत्येक टोल्याचा नियमही निराळा होता. ज्यांना ते सारे अवगत आहे, ती माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. संध्याकाळी ती पारावर बसलेली असतात आणि त्यांना वेळही भरपूर असतो. चित्रफीत करण्याची हौस असलेल्या मुलाने मोबाईल घेऊन त्यांच्याजवळ जावे आणि ‘आजोबा, नालच्या पुढे काय म्हणत?’ एवढेच विचारावे.