एकाच तासाला बंद पडणाऱ्या डिस्क

नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने ग्राहकांना एक सूचना पाठवली. कंपनीच्या ठरावीक मॉडेलच्या सॅस एसएसडी एकूण ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील, त्यानंतर ना डिस्क परत मिळेल ना तिच्यावरचा डेटा, तेव्हा त्याआधी एचपीडी८ हे फर्मवेअर टाकून घ्या, असा तिचा आशय होता. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस, ८ तास. हा आकडा २ चा पंधरावा घात आहे. तास मोजणाऱ्या काउंटरला किती जागा दिली असावी, हे त्यावरून कोणीही ओळखावे. मार्च २०२० मध्ये दुसरी सूचना आली. मॉडेल वेगळी, मर्यादा ४०,००० तासांची, परिणाम तोच.

या प्रकरणाला बरीच वर्षे झाली. त्यातल्या पुष्कळ डिस्क एव्हाना भंगारातही गेल्या असतील. तरी ते इथे उकरून काढण्याचे कारण असे की, आपल्या धंद्याचा पायाच त्यात उघडा पडला होता. रेड ५ असो, रेड ६ असो, मिरर असो की झेडएफएसचे रेड-झेड, सगळ्यांच्या मुळाशी एक गृहीत आहे: डिस्क एकेकट्या मरतात. एक गेली, तिच्या जागी दुसरी घातली, रिबिल्ड पुरे होईपर्यंत बाकीच्यांनी तग धरला, की निभावले. पण आपण डिस्क घेतो कशा? एका बिलावर आठ. एकाच दुपारी आठही ट्रेमध्ये बसतात, एकाच बटणाने सुरू होतात आणि त्यांच्या तासांचा हिशेब शेवटपर्यंत बरोबरीने चालतो. पॅरिटी दोन ठेवा नाहीतर तीन, त्या तासाला आठही जाणार. हॉट स्पेअर म्हणून लावलेली नववीसुद्धा सुटत नाही. तिच्यावर काही लिहिले जात नसले तरी वीज तिला मिळतच असते आणि तिचे तास भरतच असतात. दुसऱ्या शाखेतला रेप्लिकाचा सर्व्हर त्याच खरेदीत आलेला असेल, तर त्याचीही तीच गत.

झीज, धूळ, उष्णता, हादरे यांच्यापासून रेड वाचवते. फर्मवेअर लिहिणाऱ्याची चूक मात्र आठही डिस्कवर सारखीच उतरलेली असते आणि तिच्यापुढे रेडकडे काही उपाय नाही. स्टोरेज बॉक्समध्ये आपण वीजपुरवठा दुहेरी घेतो, नेटवर्क पोर्ट दुहेरी घेतो, कधीकधी कंट्रोलरही दुहेरी घेतो. फर्मवेअर दुहेरी घेता येत नाही. म्हणून ते अद्ययावत ठेवायचे की नाही, हा निर्णय सवडीवर सोडण्यासारखा नाही.

याबाबतीत आपल्यात दोन पंथ आहेत. एक म्हणतो, "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" दुसऱ्याला अपडेटची लाल खूण दिसली की चैन पडत नाही, पुढच्या मिनिटाला बटण दाबून तो मोकळा. पहिल्या पंथाकडे पुरावे आहेत, हे मान्य केले पाहिजे. जानेवारी २००९ मध्ये सीगेटच्या काही बॅराकुडा ७२००.११ डिस्क मशीन पुन्हा सुरू केल्यावर बायोसलाच दिसेनाशा होऊ लागल्या. त्यावर घाईने आणलेल्या फर्मवेअरने ५०० जीबीच्या काही चांगल्या डिस्कही निकामी केल्या आणि कंपनीला ते मागे घ्यावे लागले. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टरवरचा उतारा म्हणून मायक्रोकोड आला आणि हॅसवेल व ब्रॉडवेल प्रोसेसरांची मशीन आपोआप रीबूट होऊ लागली. २२ जानेवारीला खुद्द इंटेलने सांगितले की हे वाटप थांबवा. ज्यांनी पहिल्याच आठवड्यात ग्राहकांची सगळी मशीन उरकली होती, त्यांना ती सगळी पुन्हा मागे न्यावी लागली.

पण एचपीईच्या त्या डिस्कवर पहिल्या पंथाचे उत्तर काय? तिथे हात न लावणे हाच डेटा घालवायचा खात्रीचा मार्ग होता. क्रुशियलच्या एम४ डिस्क सुमारे ५,१८४ तासांनी, म्हणजे २१६ दिवसांनी अडायच्या. रीबूट केले की तासभर चालायच्या, पुन्हा अडायच्या. तो दोष जानेवारी २०१२ मध्ये फर्मवेअरने सुटला आणि डेटा शाबूत राहिला. अशा दोषांत तारीख आधीच ठरलेली असते. आपण फक्त ती आपल्याला माहीत असेल की नाही, एवढेच ठरवतो.

दोन्ही पंथांचा दोष मात्र एकच आहे. रिलीज नोट कोणीच वाचत नाही. अमुक तासांनी किंवा अमुक तारखेला काहीतरी बिघडेल असे तिच्यात असेल, तर ते काम याच आठवड्यात करायचे. तिथे दुसरा विचार नाही. नेटवर्कवरून घुसता येईल असे छिद्र असेल, तर आधी आपला बॉक्स बाहेरून दिसतो का ते पाहायचे. दिसत असेल तर तो आज संध्याकाळीच आत घ्यायचा आणि मग अपडेट टाकायचा. आणि 'स्थिरता व कामगिरीत सुधारणा' एवढीच एक ओळ असेल, तर आमचे स्पष्ट मत असे की महिना-दीड महिना थांबावे. काय बदलले ते कंपनीला लेखी विचारावे. उत्तर आले नाही, तर पुढच्या खरेदीच्या वेळी ते लक्षात ठेवावे.

अपडेटवर येणारा निम्मा आळ खरे तर रीबूटचा असतो. तीन-तीन वर्षे न थांबलेले मशीन थांबवून पुन्हा सुरू करणे ही स्वतंत्र परीक्षा आहे. २०१७ मध्ये इंटेलच्या ॲटम सी२००० मालिकेतला दोष उघड झाला तेव्हा हे ठळकपणे दिसले. त्या चिपमधला घड्याळाचा सिग्नल देणारा भाग काळाने कमजोर होत जाई. चालू मशीन मध्येच बंद पडे, नाहीतर एकदा बंद केलेले पुन्हा उठत नसे. सिस्कोच्या उपकरणांत ही चिप होती आणि सिनॉलॉजीच्या डीएस१५१५+, डीएस१८१५+ सारख्या आपल्याकडे भरपूर विकल्या गेलेल्या बॉक्समध्येही होती. फर्मवेअरने हा दोष जाण्यासारखा नव्हताच. चिपची नवी आवृत्ती हवी किंवा बोर्डावर एक रेझिस्टर जोडायला हवा. अशा बॉक्सवर एखाद्या शनिवारी डीएसएमचा अपडेट टाकला, तो उठला नाही, आणि ग्राहकाच्या दप्तरी नोंद झाली: इंजिनिअरने अपडेट मारून मशीन घालवले.

यावर उपाय सोपा आहे, फक्त वेळखाऊ आहे. अपडेटच्या आधी, काहीही न बदलता, मशीन नीट बंद करावे, पाच-दहा मिनिटे वीज काढून ठेवावी आणि सुरू करावे. उठले, सगळ्या डिस्क दिसल्या, पूल निरोगी असला, तरच फाइल चढवावी. नाही उठले तर दोष कोणाचा हे निदान स्पष्ट राहते. त्याच्याही आधी एक पूर्ण स्क्रब झालेला असावा आणि बॅकअपमधून एखादी फाइल खरोखर परत आणून पाहिलेली असावी. बॅकअप 'सक्सेसफुल' दिसणे आणि त्यातून फाइल निघणे यातले अंतर या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको.

आता बायोस. अपडेटनंतर अनेक बोर्ड सगळी सेटिंग कारखान्यातल्या मूळ स्थितीला नेऊन ठेवतात. टेबलावरच्या पीसीत ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. स्टोरेज सर्व्हरमध्ये ते कळायला महिने लागू शकतात, आणि कळते तेव्हा अपडेटची आठवणही कोणाला राहिलेली नसते. वीज गेल्यावर काय करायचे, हे सेटिंग घ्या. आपण ते 'वीज आली की सुरू हो' असे ठेवलेले असते. मूळ स्थितीत ते पुष्कळदा 'बंद राहा' असते. मे महिन्यात पहिला वळीव येतो, रात्री फीडर जातो, यूपीएस नियमाप्रमाणे सर्व्हर नीट बंद करतो. पहाटे वीज येते, सर्व्हर येत नाही. शाखा दुसऱ्या गावात असेल तर किल्लीवाला माणूस पोहोचेपर्यंत दुपार होते.

पीसीआयई स्लॉटच्या विभागणीचे सेटिंग याहून फसवे. एका सोळा लेनच्या स्लॉटमध्ये चार एम.२ डिस्कचे कार्ड लावलेले असते आणि बायोसमध्ये तो स्लॉट चार-चार-चार-चार असा वाटलेला असतो. अपडेटने ती वाटणी गेली की चारांपैकी एकच डिस्क दिसते. पूल उघडत नाही, तीन डिस्क गायब, आणि घाबरलेला माणूस नव्या डिस्कची ऑर्डर द्यायला फोन उचलतो. डिस्कना काहीच झालेले नसते. सुरुवातीच्या रायझेन बोर्डांवर मशीन निवांत असताना गोठू नये म्हणून 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' बदलून ठेवावे लागे. अपडेटनंतर ते मागे गेले की महिन्यातून एकदा पहाटे सर्व्हर गोठतो आणि संशय रॅमवर जातो. साटाचा मोड एएचसीआयवरून रेडवर जाणे, बूटचा क्रम बदलून भलत्याच डिस्कवरून सुरू व्हायचा प्रयत्न होणे, आभासी मशीनमध्ये ट्रूनॅस चालवणाऱ्यांचे व्हीटी-डी बंद होणे, हे सगळे त्याच जातीचे. घड्याळही सांभाळावे. डोमेनला जोडलेल्या सर्व्हरचे घड्याळ पाच मिनिटांहून जास्त सरकले की कर्बेरॉस लॉगिन नाकारतो. सकाळी दहाला अख्खे ऑफिस फोन करते की पासवर्ड चालत नाही.

सेटिंगचे प्रोफाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवता येते हे खरे, पण जुन्या आवृत्तीचे प्रोफाइल नवी आवृत्ती पुष्कळदा स्वीकारत नाही. त्यापेक्षा मोबाइलने प्रत्येक पानाचा फोटो काढावा, उपपानांसकट. कंटाळवाणे आहे. पण फोटो हा असा दस्तऐवज आहे जो तुमच्या जागी दुसरा इंजिनिअर गेला तरी त्याला वाचता येतो.

एचबीए कार्डांविषयी थोडक्यात. ९२११-८आय आणि त्याच्या डेल, आयबीएमच्या भावंडांना आयटी मोडमध्ये नेण्याचा उद्योग आपल्याकडे जोरात चालतो, कारण जुनी कार्डे स्वस्त मिळतात. पी२० मालिकेच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनी त्रास दिला होता, तेव्हा २०.००.०७.०० वरच थांबावे. जुना फ्लॅश पुसल्यानंतर नवा लिहीपर्यंत मशीन रीबूट करू नये. पुसण्याआधी कार्डाचा सॅस पत्ता लिहून घ्यावा. आणि झेडएफएसवाल्यांना एक विनंती: ज्या दिवशी फर्मवेअर बदलले, त्याच दिवशी पूलची नवी फीचर चालू करू नका. ती मागे घेता येत नाहीत, आणि मग जुन्या बूट एन्व्हायर्न्मेंटकडे परतायची वाट बंद होते.

फ्लॅश मध्येच तुटला तर? ड्युअल बायोस किंवा बीएमसीवरून लिहायची सोय असेल तर प्रश्न नाही. नसेल तर बोर्डावरच्या आठ पायांच्या चिपला क्लिप लावून सीएच३४१ए प्रोग्रामरने ती बाहेरून लिहावी लागते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तापकीर गल्लीत हे काम हातखंडा करणारे लोक आहेत. पण आपण असली कामे शनिवारी रात्री काढतो आणि रविवारी तिथली बरीच दुकाने बंद असतात. त्यामुळे मोठ्या सुट्टीची पहिली रात्र ही वेळ दिसते तितकी चांगली नाही. बाजार दुसऱ्या दिवशी उघडा आहे आणि ग्राहकाचे काम कमी आहे, असा दिवस शोधावा. सनदी लेखापालांकडे तो जुलैअखेर नसतो, पतसंस्थेत मार्चअखेर नसतो.

खरी अडचण तंत्राची नाही, कराराची आहे. आपल्याकडच्या बहुतेक एएमसीत 'प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स' या शब्दांखाली ब्लोअरने धूळ उडवणे आणि पंखा फिरतो का पाहणे एवढेच येते. फर्मवेअरचा उल्लेख नसतो. त्यामुळे ते केले तर फुकट, बिघडले तर अंगावर. मग कोण करील? करारात हे काम वेगळ्या ओळीवर, वेगळ्या दराने यायला हवे. वर्षातून दोन ठरलेल्या तारखा, त्या दिवशी किती तास मशीन बंद राहील, बॅकअप तपासण्याची जबाबदारी कोणाची, आणि प्रत्येक डिस्कचे मॉडेल, फर्मवेअर व चाललेले तास यांचा तक्ता ग्राहकाच्या सहीने. "मशीन तर चालूच होतं, मग पैसे कशाचे?" असे विचारले जाईलच. तो तक्ता पुढे ठेवा आणि एका बिलावरच्या आठ डिस्कचे तास ग्राहकाला स्वतः वाचू द्या.

कंपनीने ज्यांचे अपडेट थांबवले आहेत, त्या बॉक्ससाठी करारात निराळे कलम हवे. वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्हला २०१५ नंतर अपडेट मिळाले नव्हते. जून २०२१ मध्ये जगभरातले असे पुष्कळ बॉक्स इंटरनेटवरून परस्पर पुसले गेले. असा बॉक्स ग्राहकाकडे असेल तर त्याचे पोर्ट फॉरवर्डिंग बंद करून, तो बदलण्याची शिफारस लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. ग्राहक बदलणार नाही म्हणाला, तर त्या बॉक्सपुरती देखभालीची जबाबदारी नाकारण्याचा हक्क करारात असावा. पुढच्या अंकात अशा कराराचा मसुदा देत आहोत. ज्यांनी आपल्या एएमसीत ही कलमे आधीच घातली आहेत, त्यांनी ती शब्दशः पाठवावीत, दरासकट.