'कार्निव्हल ऑफ सोल्स': दोन आक्षेप आणि एक खोटी स्तुती

हर्क हार्वी यांचा 'कार्निव्हल ऑफ सोल्स' (1962) ज्यांना आवडत नाही त्यांचे म्हणणे आधी नीट मांडले पाहिजे, कारण ते उथळ नाही. ते म्हणतात, गोष्ट अर्ध्या तासाची आहे, ती ताणून सव्वा तासाची केली आणि शेवट तर सुरुवातीलाच कळतो. शिवाय नायिका दगडासारखी वावरते. चाहत्यांचा बचाव मला या टीकेहून अधिक खटकतो. पैसे नव्हते म्हणूनच चित्रपट इतका भयाण झाला, सगळी जादू त्याच्या कच्चेपणात आहे, असे ते कौतुकाने सांगतात.

या कौतुकाचा समाचार आधी घेतो. चित्रपटाला सुमारे 33 हजार डॉलर लागले. दोनच वर्षे आधी हिचकॉकने काटकसरीने काढलेल्या 'सायको'चा खर्च आठ लाखांच्या आसपास होता. पैसा नव्हता हे खरे, पण कसब होते. हार्वी कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी सेंट्रॉन या कंपनीत शैक्षणिक आणि औद्योगिक लघुपट करत. मिळेल त्या जागी, मोजक्या माणसांत, ठरल्या मुदतीत काम पुरे करणे हा त्यांचा रोजचा व्यवसाय होता. पटकथाकार जॉन क्लिफर्ड तिथलेच सहकारी. कॅलिफोर्नियाहून मोटारीने परतताना हार्वींना युटामधल्या खाऱ्या सरोवराकाठी सॉल्टेअर हा ओसाड पडलेला नृत्यमंडप दिसला आणि चित्रपट तिथून सुचला. मग कामावरून रजा काढून तीन आठवड्यांत त्यांनी चित्रीकरण उरकले. त्या मंडपातले रिकामे नाचघर, खांबांच्या रांगा, लाकडी फळ्यांतून येणारे उन्हाचे पट्टे मॉरिस प्रॅथर यांच्या कॅमेऱ्याने ज्या नेमकेपणाने टिपले आहेत, तो नेमकेपणा अपघाताने येत नाही. तुटपुंज्या पैशांत त्या काळी अमेरिकेत कितीतरी भयपट निघाले आणि विसरले गेले. गरिबीच गुणकारी असती तर तेही आज टिकले असते.

आता शेवटाचा आक्षेप. इथे मला शेवट सांगावाच लागेल. मेरी हेन्री ही तरुणी ज्या मोटारीत असते ती शर्यतीच्या नादात पुलावरून नदीत पडते. काही तासांनी चिखलाने माखलेली मेरी एकटीच वर येते, युटामध्ये चर्चमधल्या ऑर्गनवादकाची नोकरी धरते, आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याचा एक माणूस (ही भूमिका स्वतः हार्वींनीच केली आहे) तिला जागोजागी दिसू लागतो. अखेरीस नदीतून मोटार बाहेर काढतात, तेव्हा आत मैत्रिणींसोबत मेरीचाही मृतदेह असतो. ॲम्ब्रोज बिअर्सच्या 1890 मधल्या आउल क्रीक पुलाच्या कथेचीच ही नक्कल, असे सांगून टीकाकार मोकळे होतात. त्या कथेत सारे काही मरणाऱ्याच्या मनात घडते. इथे मात्र मेरी नाहीशी झाल्यावर धर्मगुरू, डॉक्टर आणि पोलीस सॉल्टेअरच्या वाळूत उभे राहून तिची पावले बघतात. पावले मध्येच संपतात, पण उमटलेली असतात. म्हणजे ती तिथे होती, आणि नदीच्या तळाशीही होती. चित्रपट ही विसंगती सोडवत नाही. सोडवत नाही म्हणूनच शेवट आधी कळला तरी काही बिघडत नाही. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

खरी भीती शेवटाच्या कितीतरी आधी, भर दिवसा येते. मेरी दुकानात नवा पोशाख घालून पाहत असते. दृश्य पाण्यासारखे हलते आणि आवाज बंद पडतात. ती विक्रेत्या बाईशी बोलते, बाईला ती ऐकू येत नाही, दिसतही नाही. रस्त्यावर शहर चालू आहे, पण मुके. बागेत झाडाखाली ती उभी राहते, एक पक्षी किलबिलतो आणि जग पुन्हा बोलू लागते. या प्रसंगात रक्त नाही, किंकाळी नाही, अंधारही नाही. आपण असूनही कोणाच्या खिजगणतीत नाही, ही जाणीव इतक्या थोड्या साधनांत पडद्यावर आणलेली मी दुसरीकडे क्वचितच पाहिली आहे.

आणि ज्या वेळी ती लोकांना दिसते, तेव्हा काय होते? वाद्यांच्या कारखान्यातला माणूस तिला वाजवण्यात जीव ओतायला सांगतो. डॉक्टर तिच्या मनाचे निदान करू लागतो. शेजारी जॉन लिंडन दाराशी घुटमळतो, त्याला तिच्याकडून काय हवे ते उघड आहे. चर्चमध्ये तिच्या हातून भलतेच सूर निघतात आणि धर्मगुरू तिला कामावरून काढतो. जीन मूर यांचे ऑर्गनचे पार्श्वसंगीत तिच्याच वाद्याचे असल्याने हे सूर बाहेरून लादलेले वाटत नाहीत. सगळ्यांची तक्रार एकच: ही बाई थंड आहे. कँडेस हिलिगॉसच्या अभिनयाला दगडी म्हणणारा समीक्षक नकळत याच मंडळींच्या रांगेत जाऊन बसतो. तिचा कोरडेपणा ही भूमिकेची मागणी आहे. लिंडनला घालवून दिले तर रात्री एकटे राहावे लागेल, म्हणून नको असलेला माणूस ती हसून जवळ धरते, त्या प्रसंगात तिचा चेहरा नीट पाहावा.

दोष आहेत, ते झाकू नयेत. आवाज अनेक ठिकाणी ओठांशी जुळत नाही. घरमालकीण आणि डॉक्टर पाठ केलेले बोलतात. डॉक्टरची खुर्ची वळते, त्यात तोच पांढरा माणूस निघतो आणि मेरी जागी होते. ही युक्ती स्वस्त आहे आणि घातकही, कारण स्वप्न म्हणून एक प्रसंग रद्द केला की आधीच्या मुक्या प्रसंगांचाही धाक ओसरतो. शेवटी भुते घाईघाईने नाचत, धावत येतात तेव्हा तर भीती पातळच होते. एकटा माणूस खिडकीत जे साधतो ते या घोळक्याला साधत नाही. इतके मान्य करूनही सांगतो, त्या दशकातल्या कित्येक महागड्या भयपटांपेक्षा हा चित्रपट श्रेष्ठ आहे.

हार्वींनी पुन्हा पूर्ण लांबीचा कथापट केला नाही. वितरक कंपनी बुडाली. प्रतींवर स्वामित्वहक्काची सूचना टाकायची राहिल्याने चित्रपट कोणाचाच उरला नाही, रात्री उशिरा दूरचित्रवाणीवर दिसत राहिला, आणि 1989 मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आला तेव्हा कुठे त्याची कदर झाली. सॉल्टेअरचा तो मंडप 1970 मध्ये आगीत गेला. हक्क नसल्यामुळे आज इंटरनेटवर पुसट, खरखरीत प्रती फुकट सापडतात आणि त्या बघूनच अनेकजण मत बनवतात. तसे करू नका. क्रायटेरियन या कंपनीने 2016 मध्ये काढलेली स्वच्छ प्रत मिळवून पाहा, आणि नंतर कोणीतरी रंगवलेली आवृत्ती टाळा.